आज डबा नको: यूएक्स शिकायचं तर आधी मेसमध्ये जाऊन बसा

सकाळचे साडेनऊ. नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातल्या एका मेसमध्ये काकूंचे दोन्ही हात कणकेत आहेत आणि ओट्यावरचा फोन सारखा थरथरतोय. व्हॉट्सॲपवर कुणी लिहिलंय "काकू आज नको", कुणी "आज दोन पाठवा, मित्र आलाय", कुणी नुसताच अंगठा. तो अंगठा कालच्या कुठल्या निरोपाला होता, हे कळायला मार्ग नाही. दहाला डबे भरायला घेतात. ज्याचा निरोप वाचायचा राहिला त्याचा डबा जातो, दाराबाहेर पडून राहतो, आणि महिनाअखेरीला हिशेबावरून कुरबुर होते.

यूएक्स, म्हणजे ॲप किंवा एखादी वस्तू वापरताना माणसाला येणारा अनुभव घडवायचं काम, शिकायचंय म्हणून कुणी विचारायला आलं, की मी त्याला अशी एक मेस धरायला आणि तिच्या डब्यांचे निरोप सांभाळणारं ॲप आखायला सांगतो. मीही या मेससाठी तेच केलं होतं. नागपुरात ती शोधावी लागत नाही. हिंगणा रोड, नंदनवन, प्रतापनगर, जिथं बाहेरगावची पोरं राहतात तिथं एका गल्लीत दोन तरी असतातच. नवशिके बहुतेक वेळा एखाद्या बड्या ॲपची "सुधारित" स्क्रीन काढून आणतात. दिसते छान. पण ते ॲप कोण, कुठं, कुठल्या घाईत वापरतं हे त्यांनी पाहिलेलं नसतं, त्यामुळे नेमकं काय सुधारलं ते त्यांनाही सांगता येत नाही. मेसचं काम लहान आहे, माणसं समोर आहेत, आणि माणसाच्या डोक्याबद्दल यूएक्सच्या वर्गात जे शिकवतात त्यातलं बरंचसं त्या ओट्याभोवतीच सापडतं. खाली ज्या क्रमानं लिहिलंय त्याच क्रमानं करून बघा. दोन-तीन आठवडे लागतील.

पायरी १: फिग्मा (स्क्रीन काढायचं सॉफ्टवेअर) उघडू नका

"यूजर एक्स्पीरियन्स" हे शब्द रुळवणारे डॉन नॉर्मन मुळात मानसशास्त्राचे प्राध्यापक. १९९३ साली ते ॲपलमध्ये गेले आणि आपल्या हुद्द्यातच त्यांनी हे शब्द घालून घेतले. स्क्रीन, बटणं एवढ्यापुरतं ते बोलत नव्हते; वस्तूशी माणसाचा जिथं जिथं संबंध येतो ते सगळं त्यांना त्यात धरायचं होतं. आपल्या कामात त्या "सगळ्या"मध्ये कणीक येते, भिंतीवरची वही येते, डबे पोचवणारा मुलगा येतो.

दोन दिवस सकाळी नऊ ते अकरा जाऊन बसा. "काकू, तुम्हाला ॲप कसं हवं?" हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर कुणालाच येत नसतं, आणि समोरचा माणूस तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगून टाकतो. "काल कुणाचा डबा चुकला? मग काय झालं?" असं विचारा. घडलेली गोष्ट माणूस नीट सांगतो.

मी बसलो होतो तेव्हा फोन वाजला. काकूंनी तो उचलला नाही. करंगळीला तेवढी कणीक लागली नव्हती, तिच्या पेरानं स्क्रीन वर सरकवली, वाचलं, आणि आत आवाज दिला, "तीन नंबरवाल्याचा काढ रे." मी म्हटलं, त्याला लगेच "बरं" असं कळवत का नाही? "हात भरले आहेत बापा, कोण टाइप करत बसते?" अर्धं डिझाइन त्या वाक्यात होतं. नऊ ते दहा या वेळात काकूंना एक अक्षरही टाइप करावं लागता कामा नये, आणि जे काही दाबायचं ते करंगळीच्या पेराला सापडलं पाहिजे.

पायरी २: दोघांच्या डोक्यातला हिशेब कागदावर उतरवा

एखादी गोष्ट कशी चालते याचं एक लहानसं चित्र प्रत्येकाच्या डोक्यात असतं. केनेथ क्रेक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९४३ मध्ये ही कल्पना मांडली; आज सगळे त्याला मेंटल मॉडेल म्हणतात. गंमत अशी, की ते चित्र चुकीचं असलं तरी माणूस त्याच्यावरच विसंबून चालतो.

आमच्या मेसमध्ये पोरं दिवस मोजत होती आणि काकू डबे. पाच तारखेला पैसे भरले म्हणजे पुढच्या पाच तारखेपर्यंत, हा पोरांचा हिशेब. काकूंचा हिशेब ३० डब्यांचा, मग ते ३० दिवसांत संपोत की ४० दिवसांत. दोघंही प्रामाणिक, आणि भांडण ठरलेलं. अशा वेळी कॅलेंडरची सुंदर स्क्रीन काढलीत तर तुम्ही नकळत पोरांची बाजू घेतलीत. आम्ही पहिल्याच स्क्रीनवर मोठ्या आकड्यात "उरलेले डबे: १७" असं लिहिलं. अर्धी कुरबुर तिथंच मिटली, कारण दोघं एकच आकडा बघू लागले.

तुम्हीही एका कागदावर दोन रकाने पाडा: एका बाजूला गिऱ्हाइकाला काय वाटतं, दुसऱ्या बाजूला मालकाला. जिथं दोन्ही जुळत नाहीत तिथं खूण करा. पुढचे सगळे निर्णय त्या खुणांपाशी घ्यायचे आहेत.

पायरी ३: लक्षात ठेवायचं काम काढून घ्या

जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा "सात, दोन इकडे-तिकडे" हा आकडा तुम्ही ऐकला असेल. माणूस एका वेळी साधारण एवढेच तुकडे डोक्यात धरू शकतो, असा त्याचा गाभा. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो आकडा चारच्या आसपास आणला. यावरून कुणीतरी नियम काढला, की मेनूत सातपेक्षा जास्त गोष्टी ठेवू नयेत. हे चूक आहे. मेनू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ करायचा नसतो. मिलर बोलतात ते डोक्यात धरून ठेवण्याबद्दल.

आता मेसकडे बघा. काकू व्हॉट्सॲपवर वाचतात, डोक्यात धरतात, वहीपर्यंत जातात, टिंब देतात. त्या चार पावलांत चौथा निरोप पहिल्याला ढकलून देतो. निरोप जिथं येतो तिथंच खूण झाली, की हा प्रवासच संपला. तुम्ही काढलेल्या प्रत्येक स्क्रीनला विचारा: मागच्या स्क्रीनवरचं काही इथं आठवावं लागतंय का? लागत असेल तर ते इथंच दाखवा. ओळखणं सोपं असतं, आठवणं अवघड. आणि लांब आकडे तोडून दाखवा. आधारचे १२ अंक कार्डावर चार-चारच्या तीन गटांत छापतात, तसे.

याच पायरीवर पर्यायांचाही विचार करा. विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये आणि रे हायमन यांनी १९५३ मध्ये मोजून दाखवलं, की पर्याय वाढले की निर्णयाचा वेळ वाढतो, पण सरळ पटीत नाही, हळूहळू. दुप्पट पर्याय म्हणजे दुप्पट वेळ असं होत नाही. शिवाय ज्याचं आधीच ठरलंय त्याला पर्यायांच्या संख्येनं फारसा फरक पडत नाही. सावजीत नेहमी जाणारा माणूस मेनूकार्ड उघडतो का? म्हणून पर्याय कमी करायचे म्हणजे तीन मेनूंच्या आत लपवायचे असं नव्हे. सकाळी पोराला दोनच गोष्टी हव्या असतात, "आज डबा नको" आणि "आज जास्त हवा". त्या वर ठेवा. पैसे, सुट्टी, तक्रार खाली राहू द्या, पण दिसू द्या.

पायरी ४: डोळ्याला ढीग दिसतात

रस्त्याकडेला संत्री विकणारा भाऊ पाट्या लावत नाही. तो ढीग लावतो. मोठी इकडे, लहान तिकडे, मधे हातभर जागा. कुठला भाव कुठल्या ढिगाचा हे आपल्याला विचारावं लागत नाही. मॅक्स वर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानं १९२३ मध्ये हेच लिहून ठेवलं: जवळ असलेल्या गोष्टी डोळा एक मानतो, सारख्या दिसणाऱ्याही एक मानतो. गेस्टाल्ट म्हणून जे शिकवतात त्याचा हा पाया. नवशिक्यांच्या फॉर्ममध्ये हमखास दिसणारी चूक इथलीच आहे. रकान्याचं नाव वरच्या आणि खालच्या चौकटीच्या बरोबर मधोमध असतं, मग ते कुणाचं ते कळत नाही. नाव आपल्या चौकटीला चिकटवा, दोन जोड्यांमध्ये जागा सोडा. रेघा आणि चौकोन काढायची गरजच पडत नाही.

वेगळं दिसणारं लक्षात राहतं, हे हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ मध्ये दाखवलं. म्हणून एका स्क्रीनवर एकच बटण रंगीत ठेवा. चार रंगीत केलीत तर एकही केलं नाही असं समजा.

पायरी ५: बोट आणि ऊन

पॉल फिट्स, १९५४. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथं पोचायला वेळ जास्त. ॲपल बटणासाठी किमान ४४ पॉइंट सांगतं, गूगल ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरची मापं), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. करंगळीचं पेर आठवा आणि काकूंच्या स्क्रीनवर याहूनही मोठं करा. आम्ही अख्खी ओळच बटण केली. आणि "आज नको"च्या शेजारी "मेस बंद करा" कधीही ठेवू नका. रोजचं आणि एकदाच लागणारं, यांच्यात मुद्दाम अंतर हवं.

उन्हाबद्दल मात्र माझीच चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात इतवारीतल्या एका धान्याच्या दुकानासाठी मी ऑर्डरची स्क्रीन केली होती. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, बारीक वळण, एकदम परदेशी थाट. माझ्या खोलीत, कूलरसमोर, फार देखणी दिसायची. मे महिन्यात दुकानाच्या पायरीवर शेठनी फोन हातात घेतला, डोळे बारीक केले, तळहाताची सावली धरली, आणि मला शांतपणे विचारलं, "लिहिलं आहे का यावर काही?" नंतर मोजलं तर अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक २.८ ला १ होता. सुगम्यतेच्या, म्हणजे सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या, जागतिक मापदंडाप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १. हे मोजणारी साधनं फुकट मिळतात. पण मोजून झाल्यावरही दुपारी एकला गच्चीवर जाऊन फोन बघा. नागपूरचं ऊन कुठल्याही मापदंडापेक्षा कडक परीक्षक आहे.

पायरी ६: मराठी नंतर चिकटवू नका

स्क्रीन इंग्रजीत काढायची आणि शेवटी भाषांतर ओतायचं, ही सवय मोडा. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. मी अक्षराच्या आकाराच्या १.६ पटीपासून सुरुवात करतो. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते आणि शब्द दातपडका दिसतो. फाँट निवडताना "वऱ्हाड", "हृदय", "ॲप", "उद्दिष्ट" हे शब्द लिहून बघा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घेतलात तर बहुधा अडणार नाही. इंग्रजीत कॅपिटल अक्षरांनी जे काम होतं ते आपल्याकडे होत नाही, कारण देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत. तिथं आकार आणि जाडी वापरा.

शब्द तर त्याहून महत्त्वाचे. "सादर करा" असं मेसमध्ये कोण बोलतं? "कळवा" लिहा. नावासाठी तीन चौकटी कशाला? काकूंच्या वहीत "तीन नंबर, चष्मेवाला" असं लिहिलेलं होतं. नावाची एक चौकट आणि खोलीची एक, पुरे.

पायरी ७: उत्तर द्या, आणि चूक मागे घेऊ द्या

दाबल्यावर ०.१ सेकंदाच्या आत काही हललं तर माणसाला वाटतं आपणच ते हलवलं. एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांनंतर तो दुसरीकडे बघायला लागतो. जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये लोकप्रिय केलेल्या या तीन मर्यादा नेटवर्क कसंही असलं तरी बदलत नाहीत. सर्व्हरचं उत्तर यायला वेळ लागणार असेल तर बटणाचा रंग तरी लगेच बदला, नाहीतर पोरगा तीनदा दाबेल आणि तीन निरोप जातील.

चुका दोन जातींच्या असतात. एकीत माणसाला काय करायचं ते माहीत असतं, बोट घसरतं. दुसरीत त्याचा समजच वेगळा असतो. घसरलेल्या बोटाला "तुम्हाला नक्की खात्री आहे का?" हा प्रश्न उपयोगी पडत नाही, रोज विचारला की माणूस न वाचता "हो" दाबायला शिकतो. त्यापेक्षा लगेच करून टाका आणि खाली "मागे घ्या" ठेवा. चुकीच्या समजाला मात्र शब्द लागतात. दहा वाजल्यानंतर कुणी "नको" दाबलं, तर "अवैध विनंती" असं दाखवू नका. त्यानं काय गुन्हा केला? "आजचा डबा निघाला. उद्याचा नको आहे का?" एवढं पुरतं.

पायरी ८: मालक म्हणेल, "मेस बंद करायचं बटण जरा लपवा"

म्हणेलच. कधी ना कधी तुम्हाला हे ऐकावं लागणार, म्हणून ही पायरी टाळू नका.

आधीपासून ठरवून दिलेल्या पर्यायाची (डिफॉल्टची) ताकद किती असते ते एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांच्या २००३ च्या अभ्यासात दिसतं. जर्मनीत अवयवदानाला संमती स्वतःहून द्यावी लागे, तिथं १२ टक्के लोक संमतीत होते. ऑस्ट्रियात नको असेल तर कळवायचं होतं, तिथं जवळजवळ १०० टक्के. प्रत्यक्ष दान किती झालं हा निराळा आकडा. पण न हलवलेलं बटण माणूस बहुधा हलवत नाही, हे यातून कळतं. मेसमध्ये "काही कळवलं नाही तर डबा येईल" हा डिफॉल्ट रास्त आहे, कारण उपाशी राहण्यापेक्षा एक डबा जास्त बरा. "काही कळवलं नाही तर पुढच्या ३० डब्यांचे पैसे कापले जातील" हा डिफॉल्टच आहे, पण तो फसवणुकीचा.

हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा युक्त्यांना "डार्क पॅटर्न" हे नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात १३ प्रकार नावानिशी दिले आहेत: खोटी घाई लावणं, टोपलीत नकळत वस्तू टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं वगैरे. मालकाला नीतीचा पाठ देत बसण्यापेक्षा ही यादी पुढे करा, काम लवकर होतं.

आणि दुसरंही एक सांगा. डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे. लोकांना एकदा ६० सेकंद थंडगार पाण्यात हात ठेवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, आणि वर ३० सेकंद किंचित कमी गार पाण्यात. यातलं पुन्हा काय कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. मेस सोडणाऱ्या पोराला उरलेल्या चार डब्यांचे पैसे न मागता परत मिळाले, तर पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ कुठल्या मेसला लागेल?

जाता जाता: अर्धवट राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं, हा ब्लूमा झायगार्निक यांचा १९२७ चा निष्कर्ष सगळ्या कोर्समध्ये असतो. नंतरच्या प्रयोगांत तो दर वेळी सापडलेला नाही. त्याच्या भरवशावर "तुमचं प्रोफाइल ६० टक्के पूर्ण" अशा पट्ट्या लावू नका.

पायरी ९: कागद घेऊन परत जा

आता काढा. पण कागदावर, फोनच्या आकाराच्या तुकड्यांवर, पेन्सिलीनं. एक तुकडा समोर ठेवा आणि काम सांगा: "उद्या तू गावाला चाललास. डबा नको. कर." मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. तो चुकीच्या ठिकाणी बोट ठेवेल आणि तुमच्या ओठांवर उत्तर येईल, ते गिळा. बोट कुठं थांबलं तेवढं लिहा.

नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांच्या १९९३ च्या गणिताप्रमाणे एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो आणि पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. पण हे पाच एकाच जातीचे वापरणारे हवेत. मेसमध्ये तीन जाती आहेत: पोरं, काकू आणि डबे पोचवणारा. पाच पोरांवर तपासून काकूंचं कळत नाही.

आमच्या कागदावर विचारलं होतं, "डबा रद्द करायचा आहे का?" आणि खाली दोन बटणं: "रद्द करा" आणि "ठीक आहे". पहिला मुलगा दहा सेकंद बघतच राहिला. रद्द करा म्हणजे डबा रद्द, की रद्द करणं रद्द? दुसऱ्यानं "ठीक आहे" दाबलं आणि म्हणाला झालं, डबा रद्द. तिसऱ्यानंही "ठीक आहे"च दाबलं, त्याच्या मते डबा चालू राहिला. तिथंच खोडून "डबा नको" आणि "डबा येऊ द्या" लिहिलं, चौथा अडला नाही. बटणावर नेहमी काय होणार ते लिहा, "हो-नाही" लिहू नका. तसाच घोळ सरकत्या बटणाचा: हिरवं म्हणजे आत्ता डबा चालू आहे, की दाबलं तर चालू होईल? शेजारी "आज डबा येतोय" असं वाक्य लिहिल्यावरच तो सुटला.

शेवटी डबे पोचवणाऱ्या मुलाला यादी दाखवली. नावं वर्णक्रमानं लावली होती, मला त्याचा जरा अभिमानही होता. त्यानं वरून खाली एकदा बघितलं. "भाऊ, हे असं कायले लावलं? मी काय बाराखडीनं फिरतो काय?" मग त्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि नावांपुढे आकडे टाकायला लागला: आधी गोपाल नगर, मग पाण्याच्या टाकीमागची गल्ली, मग त्रिमूर्ती नगरातली वरच्या मजल्यावरची तीन पोरं, शेवटी आयटी पार्ककडचे. काकूंच्या भिंतीवरच्या वहीतही नावं याच क्रमानं होती. दोन सकाळी त्या वहीसमोर बसून मला ते दिसलं नव्हतं.

तो आकड्यांचा कागद टाकून देऊ नका. पोर्टफोलिओत, म्हणजे नोकरीसाठी दाखवायच्या कामांच्या संग्रहात, चकचकीत स्क्रीनच्या आधी तो लावा, खाली दोन ओळीत लिहा की काय बदललं, आणि नवी यादी घेऊन सोमवारी सकाळी परत जा. नऊच्या आत. नंतर काकूंचे हात भरलेले असतात.